कारखाना, गाव आणि खाडी



आधुनिक समाजापुढील संकटे हा विषय फार मोठा आहे. त्यावर बोलू लागले म्हणजे हवा, पाणी, बेकारी, राजकारण अशी एक यादी वाचून व्याख्याता मोकळा होतो आणि श्रोते घरी पोहोचेपर्यंत ती विसरून जातात. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, संपाच्या मंडपात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा साऱ्या जगाचा आढावा घेण्याचे धाडस मी करीत नाही. एक गाव, एक कारखाना आणि एक रोग एवढेच घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. गाव जपानमधले आहे. पण त्याची हकीकत नीट समजून घेतली, तर समाजाचा प्रश्न, राज्यकारभाराचा प्रश्न आणि निसर्गाचा प्रश्न हे एकाच दोरीचे तीन पदर आहेत, असे आपल्या ध्यानात येईल. त्या दोरीला कामगाराचा हात कोठे लागतो, हे मला आज विशेष करून सांगावयाचे आहे.

गाव आणि कारखाना

जपानच्या दक्षिणेस क्युशू नावाचे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे गाव वसले आहे. हा समुद्र चहूबाजूंनी जमिनीने आणि बेटांनी वेढलेला, म्हणून आपल्या एखाद्या मोठ्या खाडीसारखा शांत. काठाने कोळ्यांच्या वस्त्या. ताटात सकाळ-संध्याकाळ मासळी. भाताची चणचण असली तरी मासळीची नाही, असे ते जीवन.

१९०८ साली येथे कार्बाइडचा कारखाना निघाला. पुढे तो खते करू लागला, नंतर इतर अनेक रसायने. चिस्सो या नावाने ही कंपनी पुढे जगाला माहीत झाली. कारखान्याबरोबर गाव वाढले. घरटी एखादा माणूस कारखान्यात, दुकानदाराचे गिऱ्हाईक कारखान्यातले, इस्पितळ कारखान्याचे. नगराच्या करउत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग या एकाच कंपनीकडून येत असे. हाशिमोतो हिकोशिची हे गृहस्थ अनेक वर्षे तेथील नगराध्यक्ष होते. ते पूर्वी याच कारखान्याचे व्यवस्थापक होते, आणि ज्या रासायनिक पद्धतीविषयी मी आता बोलणार आहे ती बसविण्यात त्यांचाच पुढाकार होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय अशा गावात कोणाला शिकवावा लागत नाही.

ती पद्धत थोडक्यात अशी. कार्बाइडवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो. हा वायू सल्फ्युरिक आम्लाच्या पाण्यात सोडला आणि त्या पाण्यात पाऱ्याचा क्षार असला, म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होते. त्यापासून व्हिनेगरचे आम्ल होते आणि प्लास्टिक मऊ करण्याची द्रव्येही होतात. मिनामाताच्या कारखान्यात हे काम १९३२ साली सुरू झाले. यात पारा स्वतः खर्च व्हावयाचा नसतो, तो फक्त क्रिया घडवून आणतो. पण त्याचा थोडा अंश त्या कढईतच रूप पालटतो आणि सेंद्रिय पारा, म्हणजे मेथिल पारा, बनतो. कारखान्याने हे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत सोडले.

साधा पारा विषारी आहेच, पण हा सेंद्रिय पारा अधिक कपटी आहे. पाण्यात तो इतका विरळ असतो की पाणी स्वच्छ दिसते. पाण्यातले सूक्ष्म जीव तो घेतात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे खातात. शरीरात शिरलेला पारा सहजी बाहेर पडत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर तो दाट होत जातो. शेवटच्या पायरीवर माणूस बसलेला असतो. समुद्र एवढा मोठा आहे, त्यात घाण विरून जाईल, असा हिशेब कारखानदार करीत होता. कारखान्याने जे विरळ करून टाकले, ते मासळीने गोळा करून कोळ्याच्या ताटात परत आणले.

रोगाचा प्रारंभ

१९५० नंतरच्या वर्षांत खाडीत मेलेले मासे तरंगू लागले. कोळीवाड्यातील मांजरे झिंगल्यासारखी चालत, गरगर फिरत आणि कित्येक समुद्रात पडून मरत. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. एप्रिल १९५६ मध्ये कारखान्याच्या इस्पितळात एका लहान मुलीला आणले गेले. तिला चालता येईना, बोलता येईना. मागोमाग तिची धाकटी बहीण आली, मग शेजारची मुले, मग मोठी माणसे. इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य खात्याला अज्ञात मेंदूरोगाची वर्दी दिली. ती तारीख होती १ मे १९५६. ज्या दिवशी आपण बावटे घेऊन मिरवणूक काढतो, त्याच दिवशी या रोगाची सरकारदप्तरी नोंद झाली.

हातापायांना बधिरता, दृष्टी नळीतून पाहिल्याप्रमाणे अरुंद होणे, तोल जाणे, जीभ जड होणे, झटके आणि अनेकांना मृत्यू, अशी त्याची लक्षणे. त्याहून भयंकर गोष्ट पुढे उघड झाली. आईच्या पोटातील मुलाला वार विषापासून वाचविते, असा वैद्यकाचा समज होता. हे विष वारेतून पार जाते, असे दिसून आले. वरवर बऱ्या दिसणाऱ्या आयांच्या पोटी जन्मतःच पांगळी मुले आली. त्यांचा रोग तोच आहे, हे १९६२ साली मान्य झाले.

आरंभी हा साथीचा रोग समजला गेला. रोग्यांची घरे औषध मारून धुतली गेली, शेजाऱ्यांनी येणे-जाणे बंद केले. मासळी विकणाऱ्यांना भीती की बोभाटा झाला तर धंदा बसेल, म्हणून कोळीवाड्यातही रोग लपविण्याकडे कल. म्हणजे विष कारखान्यातून आले आणि गाव एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. संकट निसर्गात उपजत असो वा यंत्रात, ते प्रथम समाजाच्या कमकुवत सांध्यावर बसते.

कोणाला काय ठाऊक होते

१९५६ सालच्या अखेरीसच कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनी सांगितले की, हा साथीचा रोग नसून खाडीतील मासळीतून होणारी विषबाधा आहे. प्रांतिक सरकारने मासळीच्या विक्रीवर बंदी घालावी काय, अशी विचारणा मध्यवर्ती आरोग्य खात्याकडे केली. १९५७ मध्ये उत्तर आले की, खाडीतील सर्वच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, सबब कायदा लावता येत नाही. कारकुनी भाषेत हे उत्तर अगदी निर्दोष आहे. त्या उत्तराच्या आड कारखाना आणखी अकरा वर्षे पारा सोडीत राहिला.

जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी गाळात टनास दोन किलोपर्यंत पारा सापडला. रसायन कारखानदारांच्या संघाकडून मात्र दुसरीच उपपत्ती पुढे आली, की युद्धानंतर खाडीत टाकलेल्या दारूगोळ्यामुळे हे झाले असावे. नोव्हेंबर १९५९ मध्ये आरोग्य खात्याच्या सल्लागार मंडळाने सेंद्रिय पारा हेच कारण असल्याचे सांगितले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ते संशोधन करणारी समिती बरखास्त झाली.

इकडे डॉक्टर होसोकावा स्वतः मांजरांवर प्रयोग करीत होते. ४०० क्रमांकाच्या मांजराला त्यांनी कारखान्यातील त्याच विभागाचे सांडपाणी अन्नातून दिले. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीच्या चालकांना हे कळले. त्यांनी प्रयोग थांबविला आणि निष्कर्ष दाबून ठेवला. डॉक्टर भला माणूस होता, पण पगार कंपनीचा होता. पुढे १९७० साली, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी न्यायालयाच्या प्रतिनिधींपुढे या प्रयोगाची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले.

कंपनीने उपाय केले नाहीत असे नाही. १९५८ मध्ये तिने सांडपाण्याचा नाला खाडीऐवजी नदीच्या मुखाकडे वळविला, तेव्हा रोग नव्या वस्त्यांत पसरला. १९५९ च्या डिसेंबरात मोठा समारंभ करून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसविले. पण ते पारा काढून टाकण्यासाठी नव्हतेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही तऱ्हा.

त्याच डिसेंबरच्या ३० तारखेला रोग्यांशी एक करार झाला. माझे निम्मे आयुष्य करारनामे वाचण्यात गेले आहे, म्हणून त्यातील दोन कलमे मी आपल्याला सांगतो. मृतामागे ३ लाख येन आणि प्रौढ रोग्यास वर्षाला १ लाख येन, अशी ही सांत्वनाची रक्कम होती. नुकसानभरपाई हा शब्द मुद्दाम टाळला होता. रोगाला कारखाना कारण नाही असे ठरले, तर त्या महिन्यापासून रक्कम बंद, हे एक कलम. आणि पुढे कारखानाच कारण आहे असे ठरले, तरी रोग्यांनी नवी मागणी करावयाची नाही, हे दुसरे. छाप पडली तर कंपनी जिंकणार आणि काटा पडला तर रोगी हरणार. मांजर क्रमांक ४०० चा निकाल खिशात ठेवून चालकांनी या कागदावर सह्या घेतल्या. घरात आजारी माणूस आणि दाराशी नवे वर्ष. कोळ्यांनी सह्या केल्या.

कामगारांनी काय केले

आता मी माझ्या घरच्या गोष्टीकडे येतो. या सर्व काळात त्या कारखान्यात कामगारांची बळकट युनियन होती. तिने काय केले?

२ नोव्हेंबर १९५९ रोजी कोळ्यांचा मोर्चा कारखान्यात घुसला, मोडतोड झाली, शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत नगराध्यक्ष, व्यापारी मंडळ आणि इतर संस्था यांचे एक शिष्टमंडळ राज्यपालांकडे गेले. सांडपाणी बंद करू नका, ते बंद केले तर कारखाना बंद पडेल आणि गाव मरेल, अशी त्यांची विनंती होती. त्या शिष्टमंडळात कामगारांची युनियनही होती.

या कामगारांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. द्वारसभेत मला एका कामगाराने एकदा सांगितले होते, "भाऊ, धूर आम्हालाही दिसतो. पण धूर थांबला की चूल थांबते." या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय पर्यावरणावर कोणी व्याख्यान देऊ नये, असे माझे मत आहे. ज्याच्या हातात महिन्याचा पगार सोडून दुसरे काही नाही, त्याला "तू कारखाना निवड किंवा समुद्र निवड" असे सांगणे हाच मुळात अन्याय आहे. ही निवड त्याच्यापुढे मांडतो कोण? ज्याला तिसरा मार्ग ठाऊक असतो, पण त्याला पैसे पडतात, तो. पारा बाहेर पडू न देता पाणी पुन्हा वापरणे अशक्य नव्हते. ते महाग होते. तो खर्च कंपनीच्या वहीत पडावयाचा, तो कोळ्याच्या अंगावर पडला. कामगाराला मात्र वाटत राहिले की आपण आपली भाकरी राखीत आहोत.

हा भ्रम कसा तुटला पाहा. १९६२ साली कंपनीने काही वर्षांची पगारवाढ ठरवून देते, बदल्यात संप करू नका, अशी योजना आणली. युनियनने नकार दिला. संप, टाळेबंदी, आणि मग कंपनीच्या आशीर्वादाने दुसरी युनियन, असे सर्व प्रकार झाले. हा लढा १९६३ च्या जानेवारीपर्यंत चालला. भावकीत, शेजारात फूट पडली. लढ्यानंतर पहिल्या युनियनच्या माणसांना हलकी कामे आणि दूरच्या बदल्या मिळू लागल्या. गाव त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवू लागले. वाळीत पडणे म्हणजे काय, हे कामगारांनी आता स्वतः अनुभवले. कोळीवाड्यातील रोगी ते कित्येक वर्षे अनुभवीत होते.

३० ऑगस्ट १९६८ रोजी पहिल्या युनियनच्या सभेने एक ठराव केला. तो जपानच्या कामगार चळवळीत "लाजेची घोषणा" म्हणून ओळखला जातो. आम्ही वेतनासाठी लढलो, पण शेजारी हा रोग चालू असताना माणूस म्हणून आणि कामगार म्हणून काहीच केले नाही, याची आम्हाला लाज वाटते, असा त्याचा आशय आहे. ठराव करून ते थांबले नाहीत. मे १९७० मध्ये त्यांनी आठ तासांचा संप केला, तो पगारासाठी नव्हे, तर प्रदूषणाविरुद्ध. आणि रोग्यांनी कंपनीवर खटला भरला, तेव्हा कारखान्यात सांडपाण्याचे काय होत असे याची साक्ष द्यायला याच युनियनचे कामगार पुढे आले. वैद्याला रोग दिसतो, वकिलाला कायदा दिसतो. पण कोणती झडप रात्री केव्हा उघडली, हे फक्त झडपेवरच्या माणसाला ठाऊक असते.

निकाल आणि त्यानंतर

मे १९६८ मध्ये ही पद्धत त्या कारखान्यात बंद झाली. कारण पश्चात्ताप नव्हे. खनिज तेलापासून तेच द्रव्य स्वस्तात होऊ लागले होते. जुने यंत्र मोडीत निघाल्यावर, सप्टेंबर १९६८ मध्ये, सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. मधल्या काळात, १९६५ साली, निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच कारखान्यामुळे तोच रोग उद्भवला होता. पहिल्या गावाचे सत्य दाबले नसते, तर दुसरे गाव कदाचित वाचले असते.

२० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले. रसायनांच्या कारखान्याने सांडपाणी सोडण्यापूर्वी ते निर्धोक आहे याची खात्री केली पाहिजे आणि शंका आली तर काम थांबविले पाहिजे, असे तत्त्व त्या निकालात आहे. सांत्वनाचा तो करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरला. तोपर्यंत जपानी लोकमतही जागे झाले होते. १९७० च्या अखेरीस तेथील संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणासंबंधी १४ कायदे केले किंवा सुधारले.

पण खाडीचा हिशेब तेवढ्याने मिटला नाही. गाळ उपसून आणि भराव घालून ५८ हेक्टर जमीन करावी लागली, ते काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेले जाळे १९९७ साली निघाले. रोगी म्हणून अधिकृत मान्यता मिळालेले लोक दोन्ही ठिकाणचे मिळून सुमारे ३,००० आहेत; मान्यता न मिळालेल्या हजारोंना १९९५ च्या तडजोडीने आणि २००९ च्या कायद्याने काही मदत झाली. सरकारही जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने आणखी १२८ फिर्यादींना भरपाई देण्याचा निकाल दिला, म्हणजे पहिल्या नोंदीनंतर ६७ वर्षांनी. भरपाईच्या बोज्याखाली कंपनी बुडू नये म्हणून १९७८ पासून सरकारी कर्जाने तिला तगवावे लागले. ती बुडाली असती तर रोग्यांना पैसे कोण देणार? जे थोडक्या खर्चात टळले असते, ते अशा रीतीने साऱ्या देशाच्या खात्यावर पडले.

आपल्याकडे

हे जपानचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तमिळनाडूत कोडाईकनाल येथे पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. तो अमेरिकेतून उचलून इकडे आणलेला. पारा लागलेली फुटकी काच भंगारवाल्याकडे सापडल्यावर, गावकरी आणि कामगार यांच्या ओरडीमुळे २००१ साली तो बंद पडला. ५९१ जुन्या कामगारांचा हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीशी समझोता होण्यास २०१६ साल उजाडले. पाऱ्यावर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिले आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

भोपाळची गोष्ट याच्या उलट आहे. मिनामाताचे कामगार गप्प राहिले, भोपाळचे बोलले. डिसेंबर १९८१ मध्ये तेथे विषारी वायूने एक कामगार मेला, तेव्हा युनियनने आवाज उठविला. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून लिहून धोका सांगितला. कोणी ऐकले नाही, आणि २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हजारो माणसे मेली. त्यानंतर, १९८७ साली, धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन कारखाना कायद्यात घालण्यात आले. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी रासायनिक कारखान्यांत झालेले स्फोट आपल्याला आठवत असतील. पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या किती लोकांना त्या भिंतीआड काय शिजते हे ठाऊक होते, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

मग करावयाचे काय? माझ्या अनुभवाप्रमाणे चार गोष्टी सांगतो. पहिली, कारखान्यात काय येते आणि काय बाहेर जाते, हे विचारणे हे युनियनचे काम समजले पाहिजे; बोनसच्या मागणीपत्रकात ही मागणी बसली पाहिजे. दुसरी, प्रदूषणामुळे एखादे खाते थांबवावे लागले तर त्या काळातील पगार मालकाने द्यावा, असे आधीच करारात लिहून घ्यावे. एवढे केले तर धुराचा आणि चुलीचा झगडा पुष्कळसा संपतो. तिसरी, आज सर्वांत घातक काम कंत्राटी कामगाराकडे असते आणि त्यालाच बोलण्याची सर्वांत कमी मुभा असते. टाकी साफ करायला जो उतरतो, त्याचे नाव हजेरीपटावर नसते. त्याला युनियनमध्ये घेतल्याशिवाय खरी माहिती बाहेर येणार नाही. चौथी गोष्ट आपल्यासारख्या नागरिकांसाठी आहे. खरे बोलणारा कामगार नोकरीवरून निघाला, तर त्याच्या पाठीशी गावाने उभे राहिले पाहिजे. मिनामाताच्या गावाने आधी रोग्यांकडे पाठ फिरविली, मग कामगारांकडे. त्यामुळे कंपनीला एकेकाशी स्वतंत्र सौदा करता आला.

कामगारांची युनियन फाटकाच्या आत जन्मली, कारण शोषण तेथे होते. आता फाटकाखालून नाला बाहेर वाहतो आहे आणि त्याच्या काठी कामगाराचीच बायकामुले राहतात. म्हणून युनियनलाही त्या नाल्याबरोबर बाहेर यावे लागेल. पुढच्या खेपेला आपल्या गावात कारखान्याविषयी तक्रार उठेल, तेव्हा तक्रार करणारा आणि काम करणारा यांना एका सतरंजीवर बसविण्याचे काम या सभागृहातील मंडळींनी अंगावर घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.